रोजची कृतज्ञता: आधी ओळखा, मग आभार माना

दर वर्षी गुढीपाडव्याला आमच्या सोसायटीच्या हरिपाठातल्या दोन-तीन जणी नवी वही आणतात. रोज रात्री देवाचे आभार लिहायचे, असा नेम धरतात. अक्षय्य तृतीया येईतो त्यातली एखादीच वही चालू असते. बाकीच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "रोज नवीन काय लिहायचं हो? तेच तेच होतं."

अशा काही वह्या मी त्यांच्याकडून मागून वाचल्या आहेत. पहिल्या दिवशी "चांगलं आरोग्य, चांगली माणसं, डोक्यावर छप्पर". दुसऱ्या दिवशी तेच, फक्त क्रम बदललेला. एका वहीत आठव्या दिवशी चक्क "वरीलप्रमाणे" असं लिहिलं होतं.

या बायकांच्या श्रद्धेत काही कमी नाही. गडबड क्रमात आहे. 'कृतज्ञ' शब्दाची फोड करून बघा: 'कृत' म्हणजे केलेलं, 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. कोणी आपल्यासाठी काय केलं ते आधी जाणायचं, आभार त्यानंतर. आपण थेट आभारांवर उडी मारतो आणि मग कशाचे आभार मानायचे ते पेन चावत शोधत बसतो.

खालचा क्रम मी सहा वर्षं पाळते आहे, अधूनमधून मोडतेही आहे. तो आमच्यासारख्या घरातल्या सवयींवर बेतलेला आहे. तुमच्या घरची प्रार्थना वेगळी असेल तर शब्द तुमचे घ्या, क्रम मात्र हलवू नका.

## तयारी: वहीला हात लावण्याआधी

वेळ. यासाठी नवा वेळ काढू नका. रोज जे आपोआप होतं त्याला हे जोडून द्या. दिवेलागणीला घरी असाल तर सांजवात लावल्यावर. डोंबिवलीला साडेआठला उतरणाऱ्याने सांजवातीचा हट्ट धरला तर पहिल्याच आठवड्यात अपराधी वाटायला लागेल. त्याने रात्रीच्या जेवणानंतर बसावं. रात्रपाळीवाल्याची दिवेलागण सकाळी नऊला झाली तरी देवाची हरकत नसावी. अंथरुणात पडून मात्र नको. "मी झोपताना करते" म्हणणाऱ्या बहुतेक जणींना तिसऱ्या वाक्याला झोप लागते, मलाही लागायची.

जागा. देवघरासमोर बसता आलं तर उत्तम. होस्टेलवर किंवा परदेशात एका खोलीत राहत असाल तर कपाटाच्या दाराला आतून लावलेला विठोबाचा फोटोही चालतो. जागा रोज तीच हवी, एवढंच.

वही. साधी शंभर पानी, आणि पेन तिला दोऱ्याने बांधून टाका. पेन शोधायला उठलात की वाटेत फोन दिसतो आणि संपलं. दुकानात मिळणाऱ्या छापील डायऱ्या मी मुद्दाम टाळते. त्यात रोजचे तीन किंवा पाच रकाने असतात, आणि रिकामा रकाना दिसला की माणूस तो भरण्यासाठी काहीतरी रचतो. फोनवरही लिहू नका. देवाशी बोलता बोलता शाळेच्या ग्रुपवरचा निरोप डोकावला की बोलणं तिथेच तुटतं.

मागणीचं पान. तयारीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती कोणीच करत नाही. वही उलटी धरा, मागच्या बाजूच्या पहिल्या पानावर 'मागणी' लिहा. मुलाचं लग्न, गुडघा, कर्जाचा हप्ता, जे काही देवाकडे मागायचं असेल ते तिथे. मागण्यात वाईट काहीच नाही. लेकराने आईकडे मागू नये तर कोणाकडे मागावं? पण मागणीला स्वतःची जागा दिली नाही तर ती आभारात घुसते: "देवा, नोकरी दिलीस त्याबद्दल आभार, आता कायम कर." अशा वाक्यात आभार फक्त प्रस्तावनेपुरते उरतात.

पहिला आठवडा. काहीही लिहू नका. फक्त टप्पा १ आणि २ करा. पाडव्याला आणलेली वही आठवडाभर कोरी राहील, राहू द्या.

> तपासा: वेळ ठरली, जागा ठरली, पेन बांधलं, मागणीचं पान केलं. यातलं एक जरी राहिलं असेल तर उद्या सुरू करा, आज नको.

## टप्पा १: सकाळी, पाय जमिनीला लागण्याआधी

'कराग्रे वसते लक्ष्मी' बहुतेकांना पाठ असतं. म्हणताना नजर बोटांच्या टोकांवरून तळहाताच्या मध्यावर आणि तिथून मनगटाकडे उतरायला हवी, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. श्लोकाचे शब्दच तसे उतरतात. हातात आधीच फोन असेल तर तळहात दिसणार कसा, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आणि आठवड्यातून दोनदा हरते.

मग जमिनीवर पाऊल टाकण्याआधीचा, पृथ्वीची क्षमा मागणारा श्लोक. त्यात आपण काही मागत नाही. दिवसभर जिच्यावर उभं राहायचं तिला "माझा पाय तुला लागणार, सांभाळून घे" एवढंच सांगतो. हे दोन्ही श्लोक पाठ नसतील तर आपल्या भाषेत म्हणा. पाठ असतील तर निम्म्या वेगाने म्हणा.

त्यानंतर एकच प्रश्न: मी अजून काहीच केलेलं नाही, तरी माझ्यासाठी काय काय होऊन बसलं आहे?

उत्तर लांब जाऊन शोधू नका. दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली असते. पहाटे कोणीतरी पंप लावलेला असतो म्हणून नळाला पाणी येतं. घरातलं कोणीतरी आधी उठलेलं असतं आणि त्याने गॅसवर आधण ठेवलेलं असतं. यातली एक गोष्ट धरा, मनात तिचं नाव घ्या आणि उठा. सगळं मिळून दोन मिनिटं.

> सावधान: इथे आभार मानू नका. अजून ओळखायचंच काम चालू आहे. "देवा धन्यवाद" तोंडात आलंच तर थांबवू नका, पण तेवढ्यावर ओळखणं सोडूनही देऊ नका.

## टप्पा २: जेवताना, घासामागे चालत जाणं

हा टप्पा मी सगळ्यात सावकाश सांगते, कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

आपल्याकडे पानावर बसल्यावर 'वदनी कवळ' म्हणायची पद्धत आहे. शाळेत ते ज्या वेगाने म्हटलं जातं त्या वेगाने म्हटलं तर काही होत नाही. डबा लवकर उघडतो, इतकंच. माझे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून बाजूला भाताची चार शितं ठेवत. त्या वेळी मला ते नुसतं सोवळं वाटायचं. आता वाटतं, पहिला घास तोंडात जाण्याआधी हाताला थांबायची सवय लागावी, हा त्याचा मोठाच उपयोग होता. तेवढं थांबणं आपल्याला हवं आहे.

थांबल्यावर करायचं काय? ताटातला एकच पदार्थ घ्या आणि तीन पावलं मागे जा. मी भाकरीवरून दाखवते.

पहिलं पाऊल: थापणारे हात. परातीत पीठ मळताना पाणी कोमट लागतं. थापून तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा लागतो. तो अर्ध्या मिनिटाने उशिरा फिरला की भाकरी तडकते. माझ्या ताटातली भाकरी तडकलेली नाही, म्हणजे कोणीतरी त्या अर्ध्या मिनिटात दुसरीकडे बघितलेलं नाही.

दुसरं पाऊल: गिरणी. पिठाच्या धुरळ्यात दिवसभर उभा असलेला माणूस. ज्वारीचं दळण तो गव्हावर घेत नाही, आधी थोडी ज्वारी घालून जातं साफ करून घेतो. हे त्याला कोणी सांगत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही तो लावत नाही.

तिसरं पाऊल: शेत. आमच्याकडे ज्वारी मंगळवेढ्याकडची येते, मालदांडी. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाळा सरता सरता जमिनीत जी ओल उरते तिच्यावर ती पेरतात. फेब्रुवारी-मार्चात काढणी. रब्बीची ही ज्वारी अजूनही पुष्कळ ठिकाणी हाताने उपटून काढतात. धाटं मुठीत धरून मुळासकट ओढायची, दिवसभर, उन्हात. तळहाताला फोड येतात. सकाळी श्लोक म्हणताना आपण बघतो तो तळहात आणि हा तळहात शेजारी ठेवून बघा.

तीन पावलं पुरेत. चौथ्या-पाचव्याला मन निबंध लिहू लागतं आणि भाकरी गार होते. रोज प्रत्येक घासाला हे करायचं नसतं. दिवसातून एका जेवणात, एका पदार्थावर.

जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणायची जुनी रीत आहे. ती मोठ्याने पाळा, स्वयंपाक करणाऱ्याला ऐकू जाईल अशी. मात्र "अन्नदाता सुखी भव" म्हणून ताट तिथेच ठेवून उठणारे पुरुष मी इतके पाहिले आहेत, की हे वाक्य म्हणण्याआधी ताट उचललेलं असावं अशी अट मी आमच्या घरात घातली आहे.

> तपासा: आठवड्याच्या शेवटी स्वतःला विचारा, या सात दिवसांत मला आधी माहीत नसलेली एखादी गोष्ट कळली का? गिरणीवाल्याचं गाव कोणतं, दूध कोण टाकतं, जिन्याचे दिवे कोण लावतं? काहीच नवं कळलं नसेल तर तुम्ही ओळखत नाही आहात, नुसती उजळणी करता आहात. टप्पा २ आणखी एक आठवडा करा.

## टप्पा ३: दिवेलागणीला, वहीत एक वाक्य

आता वही उघडायची. दिवा लावा, घरात शुभंकरोति म्हणत असाल तर म्हणा, आणि दोन मिनिटं गप्प बसा. त्यानंतरचा क्रम असा.

१. दिवस उलटा बघा. आत्तापासून सुरू करून सकाळकडे जा. सकाळपासून सुरुवात केली की मन नेहमीच्या वेळापत्रकाला लागतं: उठलो, डबा, लोकल, ऑफिस. उलटं गेलं की मधले लोक दिसतात.

२. एक प्रसंग निवडा. मोठाच हवा असं नाही.

३. तो या साच्यात लिहा: कोणी, काय केलं, आणि ते नसतं केलं तर काय झालं असतं.

"चांगल्या शेजाऱ्यांबद्दल आभार" हे वाक्य या साच्यात बसत नाही. माझ्या वहीतलं एक बसतं: "दुपारी पाऊस आला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी माझे वाळत घातलेले पापड आत घेतले. नसते घेतले तर चार किलो उडीद पाण्यात गेला असता." पहिलं वाक्य कोणत्याही दिवशी, कोणाच्याही वहीत चालेल. दुसरं त्याच मंगळवारी, माझ्याच वहीत.

'नसतं तर' हा भाग लोक गाळतात. तो गाळू नका. वाक्यातला जीव तिथे आहे.

४. एक लिहून झालं आणि दुसरं आपोआप आलं तर लिहा. तिसरंही आलं तर चालेल. चौथ्याला थांबा.

या टप्प्यावरच्या तीन चुका फार रुळलेल्या आहेत.

तुलना. "रस्त्यावर झोपणाऱ्यांकडे बघितलं की वाटतं आपलं किती बरं!" हे ऐकायला नम्र वाटतं, पण यात आपण दुसऱ्याच्या हालांवर आपलं समाधान बेततो. उद्या त्याला घर मिळालं तर आपली कृतज्ञता कमी होणार का? तुलनेचं वाक्य आलं की खोडा आणि त्याच्या जागी 'कोणी काय केलं' ते लिहा.

नवसाचा हिशेब. नवस बोलणं आणि फेडणं ही वेगळी गोष्ट आहे. ते दिलेल्या शब्दाला जागणं आहे, ते आपल्या जागी ठीक. पण या वहीत "एवढे दिवस लिहिते आहे, आता तरी" असा सूर लागला तर तुम्ही हप्ते भरता आहात. तो मजकूर मागणीच्या पानावर हलवा.

निकालांचीच नोंद. पगार वाढला, रिपोर्ट चांगला आला, पोराला मार्क पडले. असे दिवस वर्षात किती? उरलेल्या दिवसांत वही कोरी राहते आणि मग बंद पडते.

## टप्पा ४: देवाला सांगणं

इथवर जे केलं ते देव न मानणाराही करू शकेल, आणि त्याने खुशाल करावं. श्रद्धेच्या माणसासाठी पुढचं पाऊल आहे. लिहिलेलं वाक्य देवाला वाचून दाखवायचं. ओठ हलले पाहिजेत. "पांडुरंगा, आज वहिनींनी पापड आत घेतले" असं म्हणायला पहिल्यांदा हसू येतं. येऊ दे.

इथे एक घसरण आहे, आणि भाविक माणूसच तिथे जास्त घसरतो. "वहिनी कुठल्या, देवानेच केलं!" असं म्हटलं की वहिनी पुसल्या गेल्या. ऐनवेळी रक्त देणारा, बस थांबवणारा कंडक्टर, रात्री दोनदा सलाईन बदलणारी सिस्टर, हे सगळे मग निमित्तमात्र होऊन वाक्याबाहेर पडतात. माझ्या मते ही कृतज्ञता नव्हे, आभार मानायचा कंटाळा आहे. वारीत दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात आणि समोरच्याला 'माउली' म्हणतात. देव आणि माणूस यांत निवड करायची वेळच ते येऊ देत नाहीत. वाक्य तसंच ठेवा: आधी माणसाचं नाव आणि काम, मग "ती तुझी होती म्हणून माझ्यापर्यंत आली" असं देवाला.

गोव्यात कोकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. देव तुमचं भलं करो. आभार माणसाचे, पण ते देवामार्फत. इतक्या कमी शब्दांत हे दोन्ही मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही, म्हणून मी ते उचललं आहे. वहीतल्या वाक्याखाली त्या माणसाचं नाव घेऊन तेवढंच म्हणते.

माझी वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण रोज रात्री दिवसाची उजळणी करते. संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली ती पद्धत. तिच्यातही चुकांची कबुली नंतर येते, पहिलं पाऊल मिळालेल्याबद्दल देवाचे आभार. तिच्याकडून मी एक शिकले: दिवसभरातल्या स्वतःच्या चुका आठवून आधी रडत बसलात तर आभारांपर्यंत पोचतच नाही. चुका नंतर.

सगळ्यात शेवटी वही उलटा आणि मागणीचं पान वाचा. काही वाढवायचं असेल तर वाढवा. वही मिटा, नमस्कार करा, उठा.

> तपासा: बसल्यापासून उठेपर्यंत दहा मिनिटांच्या आत झालं का? वीस मिनिटं लागत असतील तर तुम्ही लिहिण्यात रमला आहात. छान आहे, पण हे फार दिवस टिकत नाही.

## टप्पा ५: आभार माणसापर्यंत पोचवणं

मराठीत 'उतराई होणं' असा शब्द आहे. डोक्यावरचं ओझं उतरवणं. वहीत लिहून ओझं अर्धंच उतरतं. पंधरवड्यातून एकदा (मी एकादशी धरली आहे, म्हणजे विसरत नाही) वहीतलं एक नाव निवडा आणि त्या माणसाला सांगा.

इथे आपली एक अडचण आहे. मराठी घरात आईला किंवा नवऱ्याला 'धन्यवाद' म्हटलं तर समोरचा विचारतो, "काय झालं? बरं आहे ना?" तो शब्द सभेतला आहे, स्वयंपाकघरात तो अंगावर येतो. म्हणून घरातल्या माणसांना आभाराचा शब्द न वापरता सांगा. "तू फोन केलास म्हणून मी त्या दिवशी डॉक्टरांकडे गेले." "डब्यातली भाजी शेजारच्या टेबलवाल्यानेही संपवली." पुन्हा तोच साचा: काय केलं, आणि नसतं तर. एवढं बोलून विषय बदला. समोरच्याला अवघडायला वेळ देऊ नका.

बाहेरच्या माणसाला 'धन्यवाद' चालतं, पण नेमकं सांगा. जोडलेल्या हातांचं चित्र पाठवणं म्हणजे पोचवणं नव्हे. शक्य असेल तर समोर जाऊन, नाहीतर फोन करून. लगेच भेटवस्तू नेऊ नका. तीही बऱ्याचदा फिटंफाट करायची घाई असते.

> सावधान: ज्यांना आपण पगार देतो त्यांच्या बाबतीत आभार हा पगाराचा भाग नव्हे. घरी कामाला येणाऱ्या मावशींबद्दल वहीत सुंदर वाक्य लिहून महिनाअखेर त्यांच्या दोन सुट्ट्यांचे पैसे कापणार असाल, तर आधी ते पैसे द्या. वाक्य उद्या लिहा.

## टप्पा ६: वाईट दिवसात काय करायचं

वडील गेले त्या वर्षी माझी वही चालू होती. नेम मोडायचा नाही म्हणून तेराव्यानंतर मी लिहायला बसले आणि लिहिलं, "बाबांचे हाल संपले याबद्दल आभार." सगळे तसंच म्हणत होते. लिहून झाल्यावर वाचलं आणि ते वाक्य मला दुसऱ्याच कोणाचं वाटलं. मला त्याबद्दल अजिबात आभार मानायचे नव्हते. मला बाबा हवे होते. ते पान मी फाडलं आणि पुढचे चार महिने फक्त दिवा लावला.

त्यातून दोन नियम शिकले.

पहिला: वाईट गोष्टीबद्दल आभार मानायचे नसतात. त्या दिवसांमध्ये कोणी काही केलं असेल तर ते ओळखायचं. चार महिन्यांनी मी पहिलं वाक्य लिहिलं ते असं: "स्मशानातून आल्यावर समोरच्या घरातून पिठलंभात आला होता. नसता आला तर आई त्या दिवशी उपाशी राहिली असती." ते सोपं गेलं, कारण ते खरं होतं.

दुसरा: लिहिण्यासारखं काही नसेल तर तारीख घाला आणि "आज काही नाही" लिहा. हे देवाला वाचून दाखवा. भांडायचं असेल तर भांडा. जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्याही दिल्या आहेत, त्याला याची सवय आहे. फक्त उठून जाऊ नका. दिवा लावून पाच मिनिटं बसा.

> सावधान: 'आहे त्यात समाधान मान' हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला, पगार थकलेल्या मजुराला किंवा नुकतंच माणूस गेलेल्या घरात कधीही ऐकवू नका. हा नेम स्वतःपुरता असतो, दुसऱ्यावर लादायचा नसतो. अन्याय होत असेल तर त्याविरुद्ध उभं राहणं आणि रात्री वही लिहिणं एकाच दिवशी करता येतं. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर वहीवर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांना भेटा.

## टप्पा ७: घरातल्या मुलांना घेऊन

थोडक्यात सांगते. मुलांना वही देऊ नका. जेवताना "देवाला थँक्यू म्हण" असं दटावूही नका, त्याचं त्यांना दडपण येतं. "आज शाळेत तुला कोणी मदत केली?" एवढंच विचारा, आणि आधी स्वतःचं सांगा. माझ्या भाच्याने एकदा सांगितलं की रिक्षावाले काका त्याची पाण्याची बाटली रोज आठवणीने हातात देतात. त्याच्या आईला ते दोन वर्षांत ठाऊक नव्हतं.

## महिन्याची तपासणी

तीस दिवस झाले की नवं काही लिहू नका. मागची पानं वाचा आणि मार्जिनमध्ये फक्त नावं काढा. मग बघा:

- एकच नाव पंधरा वेळा आलंय का? मग त्या माणसाला तुम्ही सांगितलंय का?
- घरात राहणारं कोणाचं नाव एकदाही आलं नाही? पहिल्या महिन्यात माझ्या वहीत नवऱ्याचं नाव नव्हतं. रोज रात्री दाराची कडी आणि गॅसचा नॉब तोच बघतो, हे मला ती यादी काढेपर्यंत सुचलं नव्हतं.
- आवडत नसलेल्या माणसाचं एखादं नाव आहे का? असेल तर वही नीट चालू आहे.
- मागणीच्या पानावरचं काही मिळून गेलंय आणि त्याची नोंद पुढच्या बाजूला झालेलीच नाही, असं आहे का? हे फार होतं. मिळेपर्यंत रोज वाचतो आणि मिळालं की विसरतो.

सुटलेले दिवस मागाहून भरू नका. चार दिवस राहिले तर राहिले. मागच्या तारखा घालून लिहिलेली वाक्यं शाळेतल्या सुट्टीच्या अभ्यासासारखी दिसतात, सगळी एकाच शाईत.

वही संपली की देवघरात ठेवून तिची पूजा करू नका, लगेच रद्दीतही घालू नका. नव्या वहीच्या पहिल्या पानावर, जुन्यातली ज्यांना अजून सांगायचं राहिलंय ती नावं उतरवून घ्या. माझ्या या वहीत अशी चार नावं आहेत. त्यातलं एक गिरणीवाल्या दादांचं. डब्यातलं पीठ आज संपलंच आहे, उद्या सकाळी ज्वारी घेऊन तिकडे जायचं आहे.